छोट्या गाडीला ट्रेलर हिच : काही महिन्यांच्या वापरानंतर

हॅचबॅकला हिच, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे लावायची जोडणी, बसवावी का, असं कुणी विचारलं तर मी आधी त्याला गाडीचं माहितीपुस्तक उघडायला सांगतो. ट्रेलर ओढायची परवानगी आहे का आणि किती किलोपर्यंत, हे त्यात दिलेलं असतं. काही छोट्या गाड्यांना कंपनीने परवानगीच दिलेली नसते. मग त्या गाडीसाठी हिच बाजारात मिळते, म्हणून ती लावून घेण्यात काही अर्थ नाही. माझ्या गाडीला बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी ४५० किलोची मर्यादा आहे आणि बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो त्या हिचच्या गोळ्यावर, खाली दाबणारं वजन जास्तीत जास्त ५० किलो चालतं. हिचवरच्या पट्टीवर याहून बरेच मोठे आकडे छापलेत, पण ते हिचच्या पोलादाचे. गाडी, हिच, बॉल आणि ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारं त्याचं पुढचं टोक) यांपैकी ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तोच धरायचा. आणि छोट्या गाडीच्या बाबतीत तो बहुतेक वेळा गाडीचाच असतो.

बसवण्याचं काम दिसतं त्यापेक्षा सोपं आहे, मात्र घाईचं नाही. अशा गाडीला वेगळी चेसी नसते, सगळा भार बॉडीच घेते. डिकीच्या तळाखालून जाणाऱ्या दोन पोकळ चौकोनी पट्ट्यांना हिचची आडवी तुळई बोल्टने जोडतात. बंपर उतरवावा लागतो. बऱ्याच गाड्यांत बंपरच्या आतली मूळ तुळई काढून तिच्या जागी हिचची येते, माझ्याही गाडीत तसंच होतं. सायलेन्सर ज्या रबरांवर लटकतो ती रबरं सोडवायला साबणाचं पाणी पुरतं.

फिटरकडे काम दिलंत तरी काही गोष्टी डोळ्यांनी बघून घ्या. पोकळ पट्टीतून बोल्ट आरपार जात असेल तर आत नळीसारखा स्पेसर हवाच. नाहीतर आवळताना पत्रा दबतो आणि आज घट्ट वाटणारा बोल्ट पुढे सैल होतो. नवीन भोकं पाडली असतील तर कीस साफ करून प्रायमर मारायचा आणि आतून मेणाचा फवारा द्यायचा, कारण गंज उघड्या कडेपासूनच धरतो. बोल्ट टॉर्क पान्यानेच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, आवळायचे. 'कच्चून आवळलाय साहेब' हे माप नव्हे. पहिल्यांदा भरलेला ट्रेलर ओढून आणल्यावर तेच बोल्ट पुन्हा तपासून घेतले. दोन किंचित फिरले, म्हणजे तपासणी वाया गेली नाही.

सगळ्यात जास्त वेळ वायरिंगने खाल्ला, आणि पैसे वाचवायला जाऊ नये ती जागाही हीच. टेललाइटच्या वायरला टोचून बसणाऱ्या क्लिपा स्वस्त असतात, पण हल्लीच्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते. ट्रेलरच्या बल्बांचा जादा भार पडला की कधी डॅशबोर्डवर इशारा पेटतो, कधी दिवे सांभाळणारं कंट्रोल युनिटच जळतं. म्हणून वेगळं मॉड्यूल घेतलं. ते गाडीच्या दिव्यांकडून फक्त सिग्नल घेतं आणि वीज थेट बॅटरीवरून, फ्यूजमधून आणतं. सॉकेट सात पिनांचं आहे : पिवळी वायर डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, पांढरी अर्थ (अर्थिंगची). या महिन्यांत जो त्रास झाला तो सगळा त्या पांढऱ्या वायरचा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर लावला की टेललाइट लुकलुकते, अशी भुताटकी दिसली की बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थचं टोक घासून पुसून पक्कं करा.

आता मुख्य मुद्दा, बॉलवरच्या वजनाचा. ट्रेलरमधला माल चाकांच्या मागे गेला की कपलर वर उचलू पाहतो, बॉलवरचा दाब कमी होतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागतो. म्हणून जड सामान चाकांच्या जरासं पुढे आणि तळाशी ठेवायचं. युरोपात ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के वजन बॉलवर असावं असं सांगतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के. माझ्या ४५० किलोंचे १० टक्के म्हणजे ४५ किलो, हे बसतं. १५ टक्के म्हणजे ६७ किलोंच्या वर, हे बसत नाही. मी ३५ ते ४० किलो ठेवतो. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो : ट्रेलर सपाटीवर उभा करायचा, चाकांना अडण लावायची, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून कपलर बॉलच्या उंचीवर टेकवायचा. अंदाज कितीही मुरलेला असला तरी काटा वेगळंच सांगतो.

हे ५० किलो वाटतात तितके थोडे नाहीत. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तो गाडीचं नाक उचलतो. दोन्ही आसांमधलं अंतर २.५ मीटर आणि मागच्या आसापासून बॉल ०.९ मीटर धरला, तर पुढच्या चाकांवरचे १८ किलो कमी होतात आणि मागच्यांवर ६८ वाढतात. छोट्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. ओल्या चढावर पुढचं चाक जागच्या जागी फिरतं ते यामुळेच. शिवाय हे वजन गाडीच्या भारक्षमतेतूनच वजा होतं. पाच माणसं, भरलेली डिकी आणि वर ट्रेलर हे जमत नाही. मागे दोघे कमी बसवा किंवा डिकी रिकामी ठेवा. मागच्या टायरांत भरलेल्या गाडीसाठी दिलेली हवा भरायची आणि हेडलाइटचा झोत खाली करायचा, नाहीतर समोरचे शिव्या घालतात.

बिनब्रेकच्या ट्रेलरचा सगळा भार गाडीच्याच ब्रेकवर येतो, त्यामुळे अंतर बरंच जास्त ठेवावं लागतं. उतारावर खालचा गिअर. ट्रेलर झुलायला लागलाच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. जोरात ब्रेक नको आणि 'ओढून सरळ करतो' म्हणून वेग वाढवणं तर मुळीच नको. क्लचचा वास मला फक्त चढावर रिव्हर्स घेताना आला. रिव्हर्समध्ये आखूड ट्रेलर क्षणात वळून गाडीला भिडायला बघतो. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरला की ट्रेलरची शेपूट ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात सरकवायचा, एवढं सूत्र पुरतं.

बॉल काढता येणारा घेतला हे फार बरं झालं. लावलेला असला की पार्किंग सेन्सर बोंबलत राहतो आणि डिकीतून सामान काढणाऱ्याच्या नडगीचा बळी जातो. काढल्यावर खाचेला टोपण न चुकता लावायचं, नाहीतर धूळ आणि चिखल आत जाऊन कुलूप अडकतं. बॉलला थोडं ग्रीस लागतं, पण घर्षणाच्या पॅडवर चालणारा स्थिर करणारा कपलर असेल तर बॉल कोरडाठाक हवा. ५० मिलिमीटरचा बॉल झिजून ४९ च्या खाली गेला की बदलायचा. माझा अजून जवळजवळ नव्यासारखा आहे.

हिच घ्यायचं कारण फक्त सायकल कॅरिअर असेल तरी गणित तेच. कॅरिअरचं स्वतःचं वजन १५ ते २० किलो धरलं तर ५० पैकी तीसेक उरतात. त्यात दोन साध्या सायकली येतात, दोन इलेक्ट्रिक सायकली येत नाहीत.