समुपदेशन मोबाईलवर घ्यावं की समोर बसून?

आमच्या लहानपणी पुण्यात 'येरवडा', म्हणजे तिथलं मनोरुग्णालय, एवढं म्हटलं तरी घरात विषय बदलायचा. आजची मुलं 'माझं सेशन आहे' असं चारचौघांत सांगतात, फी आधी विचारतात, समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधतात. मला ही धिटाई फार मोलाची वाटते. त्यांच्यामुळेच रात्री उशिराचे स्लॉट, व्हिडिओ कॉल, चॅट हे सगळं आलं. पण पहिल्यांदाच मदत घेताना यातलं काय निवडायचं?

ऑनलाइनची खरी सोय हिंजवडीत काम करणाऱ्याला कळते. एका तासाच्या सेशनसाठी डेक्कनला येऊन-जाऊन सगळी संध्याकाळ जाते, ती वाचते. गाव सोडून आलेल्यांना आपल्या बोलीत बोलणारं माणूसही मिळू शकतं. अडचण आहे ती खोलीची. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारा मुलगा व्हिडिओ कॉलवर रडणार कुठे? बाजूच्या कॉटवर कोणीतरी असतंच. कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये आई-बाबा भिंतीपलीकडे असतात. अशा वेळी मुलं निम्मंच बोलतात, आणि निम्म्या बोलण्यावर उपचार होत नाहीत. दवाखान्याच्या बंद दारामागे हा प्रश्न सुटतो. शिवाय वजन उतरलंय, हात थरथरताहेत, नजर वर उठत नाही, हे समोर बसलेल्या माणसाला दिसतं. मोबाईलच्या चौकटीत यातलं बरंच निसटतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: झोप-जेवण बिघडलं असेल, कानात आवाज येत असतील, व्यसन वाढलं असेल, तर सुरुवात प्रत्यक्ष भेटीनेच करा, तीही मानसोपचारतज्ज्ञाकडे, म्हणजे औषधं देऊ शकणाऱ्या मनाच्या डॉक्टरकडे. घडी बसली की पुढची सेशन्स ऑनलाइन चालतील. नात्यातला ताण, परीक्षेची धास्ती, नोकरीतली घुसमट यांसाठी सुरुवातीपासून ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, फक्त दार लावता येईल अशी जागा हवी. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर स्लॉटची वाट पाहू नका. कोणाला तरी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

पैशाचं म्हणाल तर खासगी फी दर आठवड्याला जड जाते. ससून या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढून अगदी थोड्या पैशांत काम होतं. रांग असते, पण डॉक्टर पात्र असतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीचं स्थान दिलं, तरी बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरचाच खर्च देतात. सेशनची फी त्यात धरू नका.

ऑनलाइन असो वा प्रत्यक्ष, एक गोष्ट मात्र तपासाच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे औषधं न देता बोलण्यातून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेकडे. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ऑनलाइन डॉक्टरनेही नोंदणी क्रमांक दाखवायला हवा. नुसतं 'काउन्सेलर' लिहिलेलं असेल तर शिक्षण काय, कुठे झालं आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे पहिल्याच फोनवर विचारा. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही.