स्वतःचा केबल मोडेम: सात-आठ महिन्यांचा अनुभव, आणि फर्मवेअर अपडेट करायचं कुणी?

भाड्याचा मोडेम परत करून स्वतःचा घेतला, त्याला आता सात-आठ महिने होत आले. मोडेम उत्तम आहे. पण त्याच्या फर्मवेअरला (मोडेमच्या आतल्या सॉफ्टवेअरला) वाली कोण, हे मला अजून कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही, आणि हा अनुभव मुख्यतः त्याबद्दलच आहे. मोडेमचं किंवा नेट देणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही. स्वतःचा केबल मोडेम लावणाऱ्या कुणाच्याही वाट्याला हे येऊ शकतं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे. मोठ्या रस्त्यावर फायबर आलंय, आमच्या बोळात मात्र अजून पोलवरून येणारी जुनी केबलच आहे. टीव्ही तिच्यावर, नेटही तिच्यावर. मी घरातूनच टॉवेलच्या ऑर्डरी बघतो. डिझाइनचे फोटो, सॅम्पलचे व्हिडिओ बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पाठवायचे असतात, त्यामुळे मला डाउनलोडपेक्षा अपलोडची काळजी जास्त. कंपनीच्या मोडेमचं भाडं दर महिन्याला बिलात लागून यायचं. ते भरत राहण्यापेक्षा त्याच मॉडेलचा नवा डॉक्सिस ३.० (केबलवरून नेट द्यायचं मानक) मोडेम विकत घेतला. केबलवाल्या अण्णांनी मॅक आयडी (मोडेमचा ओळख क्रमांक) कंपनीला कळवून माझ्या कनेक्शनला बाइंड करून, म्हणजे जोडून दिला. वायफायसाठी राउटर वेगळा ठेवला.

वेग पहिल्या दिवसापासून प्लॅनप्रमाणे मिळाला. मोडेम तापत नाही, अडॅप्टर दणकट आहे, लाइट जाऊन आली की आपोआप वर येतो. एवढ्यावर समाधानी होतो.

अडचण सुरू झाली ती मोठ्या फाइलपासून. व्हिडिओ चढवायला लावला की मध्येच मोडेमचे सगळे दिवे विझायचे. मग पॉवरचा लागायचा, डाउनस्ट्रीमचा (येणाऱ्या डेटाचा) लुकलुकायचा, अपस्ट्रीमचा (जाणाऱ्या डेटाचा) लुकलुकायचा आणि शेवटी ऑनलाइनचा दिवा स्थिर व्हायचा. तोवर अर्धी चढलेली फाइल वाया, परत पहिल्यापासून. व्यापारी फोनवर विचारतोय, ‘पाठवलं का?’ आणि आपण दिव्यांकडे बघत बसलोय.

सोलापुरात नेट गेलं की पहिला संशय लाइनवर येतो आणि बहुतेक वेळा तो खराच असतो. ४२-४३ अंशांत तापलेली केबल, केबलच्या टोकाचा गंजलेला एफ कनेक्टर, लाइन फोडायला कुणीतरी मध्येच लावलेला स्प्लिटर. म्हणून आधी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ उघडलं. बहुतेक केबल मोडेमचं स्वतःचं पान याच पत्त्यावर असतं आणि प्रत्येकाने ते एकदा तरी बघावं. डाउनस्ट्रीम पॉवर शून्याच्या आसपास, एसएनआर (सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण) ३८ डीबी, अपस्ट्रीम पॉवर ४४ डीबीएमव्ही. आकडे चांगले होते. लाइन गंडलेली असती तर लॉगमध्ये टी३, टी४ टाइमआउटच्या (कंपनीकडून वेळेत उत्तर न आल्याच्या) ओळींची रांग लागली असती. तशी काही नव्हती.

मग शेजारच्या शिलाईच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे हाच मॉडेल, पण कंपनीचा भाड्याचा, आणि केबल आमच्याच पोलवरून आलेली. तीच फाइल तिथून पाठवली, सरळ गेली. दोन्ही मोडेमची पानं मोबाइलवर शेजारी-शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. हार्डवेअर व्हर्जन एकच. सॉफ्टवेअर व्हर्जनच्या ओळीत फरक: त्यांच्याकडे पुढचं, माझ्याकडे कारखान्यातून आलेलं तेच. कंपनीने भाड्याच्या मोडेमना अपडेट दिलं होतं आणि विकत घेतलेले वगळले होते.

कस्टमर केअरचं उत्तर: ‘सर, मोडेम तुमच्या मालकीचा आहे, त्याचं अपडेट तुम्हालाच बघावं लागेल.’ मोडेम बनवणाऱ्यांना मेल केला. त्यांचं उत्तर: केबल मोडेमचं फर्मवेअर ग्राहकाला दिलं जात नाही, ते सेवा देणारी कंपनीच चढवते. अण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘आमच्या हातात काय नाही की साहेब, आम्ही लाइन बघतो. मोडेमच्या आतलं सगळं कंट्रोल रूममधनंच होतंय.’ तिघांत चुकीचं निघालं ते कस्टमर केअरचंच उत्तर.

आतली व्यवस्था समजून घेतली की हे स्पष्ट होतं. डॉक्सिसचा मोडेम चालू झाला की आधी डाउनस्ट्रीम पकडतो, मग अपस्ट्रीमवर आपली पॉवर जुळवून घेतो, डीएचसीपीने पत्ता घेतो आणि कंपनीच्या सर्व्हरवरून टीएफटीपीने (फाइल आणायची एक साधी पद्धत) एक कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल ओढतो. तुमच्या प्लॅनचा वेग त्याच फाइलमध्ये लिहिलेला असतो. कोणतं फर्मवेअर कुठल्या सर्व्हरवरून घ्यायचं, हेही तिच्यात लिहिता येतं. शिवाय एसएनएमपीने (दुरून उपकरण सांभाळायची पद्धत) कंपनी थेट हुकूमही सोडू शकते. हे सगळं केबलच्या बाजूने चालतं. घरातल्या लॅनच्या बाजूने माझ्या मोडेमच्या पानावर फाइल चढवायचं बटणच नाही. आणि आलेल्या फर्मवेअरवर उत्पादकाची डिजिटल सही नसेल तर मोडेम ते घेत नाही. म्हणजे उत्पादकाने बनवायचं आणि कंपनीने चढवायचं. मालकाला यात कुठेच जागा ठेवलेली नाही.

ही व्यवस्था अशी का ठेवली, तेही मला पटतं. एका नोडवरची (वाटपाच्या एका टोकावरची) सगळी घरं एकच केबल वाटून घेतात. एखादा मोडेम चुकीच्या पॉवरने किंवा चुकीच्या वेळी बोलायला लागला तर अख्ख्या गल्लीचा अपस्ट्रीम बिघडतो. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत परदेशात लोकांनी मोडेममध्ये फेरफार करून वेगाची मर्यादा काढून टाकली होती, त्याचाही धडा यामागे आहे. तेव्हा किल्ली कंपनीकडे असायला माझी हरकत नाही. पण किल्ली तुमच्याकडे आणि दार उघडायची जबाबदारी माझ्यावर, हे कसं चालेल?

रीस्टार्टचा त्रास एकवेळ सहन करता येईल. मला खरी काळजी सुरक्षेची वाटते. २०२० च्या जानेवारीत डेन्मार्कच्या संशोधकांनी ‘केबल हाँट’ नावाची त्रुटी जाहीर केली. ब्रॉडकॉमची चिप असलेल्या अनेक केबल मोडेममध्ये ती होती. मोडेममधल्या स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या (केबलवरचा सिग्नल तपासायच्या सोयीच्या) दारातून, घरातल्या माणसाने नुसतं एखादं घातक वेबपान उघडलं तरी मोडेमचा ताबा घेता येत होता. एकट्या युरोपात सुमारे २० कोटी मोडेम धोक्यात असल्याचा अंदाज त्यांनी दिला होता. याला इलाज फर्मवेअरचाच, आणि तो कंपन्यांमार्फतच पोचायचा. त्याआधी २०१६ च्या अखेरीस इंटेलच्या प्युमा ६ चिपच्या मोडेममध्ये लेटन्सीचे (प्रतिसाद उशिरा येण्याचे) झटके उघडकीस आले, तेव्हाही अमेरिकेत स्वतःचे पैसे घालून मोडेम घेतलेले लोक आपापल्या कंपनीकडून दुरुस्ती कधी येते याची वाट बघत बसले. अशी त्रुटी उद्या आमच्या मॉडेलमध्ये निघाली आणि अपडेट फक्त भाड्याच्या मोडेमना गेलं, तर विकत घेणाऱ्यांनी काय करायचं?

जर्मनीत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. तिथे १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानेच ग्राहकाला स्वतःचं उपकरण लावायची मोकळीक आहे. कंपनीचं जाळं भिंतीतल्या सॉकेटपाशी संपतं. बाजारातून घेतलेल्या फ्रिट्झबॉक्स केबल या मोडेम-राउटरचं अपडेट उत्पादक थेट देतो आणि मालक ते मेनूतून स्वतः चढवतो. तोच फ्रिट्झबॉक्स कंपनीकडून घेतला असेल तर अपडेट कंपनी देते. दोन्हीकडे जबाबदार कोण ते ठरलेलं आहे. त्यामुळे ‘तंत्रज्ञानात बसत नाही’ असं कुणी सांगितलं तर मला ते पटणार नाही.

माझं काम शेवटी झालं ते लेखी पाठपुराव्याने. फोनवर तक्रार केली की तक्रार क्रमांक मागून घ्यायचा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो, आणि उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. मी मेलला दोन्ही मोडेमच्या पानांचे स्क्रीनशॉट जोडले, सॉफ्टवेअर व्हर्जनच्या ओळीभोवती लाल चौकट काढली आणि एवढंच लिहिलं: हे अपडेट माझ्या मोडेमला द्या, किंवा देता येत नसेल तर कारण लेखी कळवा. अपिलानंतर कंट्रोल रूममधल्या इंजिनिअरचा फोन आला. बोलायला चांगला माणूस. म्हणाला, ‘तुमचा मॅक वेगळ्या ग्रुपमध्ये पडलाय, भाड्याच्या ग्रुपची कॉन्फिग लावतो, रात्री होऊन जाईल.’ सकाळी पान उघडलं तर सॉफ्टवेअर व्हर्जनच्या ओळीत शेजाऱ्याच्या मोडेमचा आकडा होता. तेव्हापासून फाइल चढवताना मोडेम एकदाही बंद पडलेला नाही.

म्हणजे त्यांना करायला जमत होतंच, आणि मला खटकतं ते हेच. तो इंजिनिअर फोन ठेवताना म्हणाला, ‘या वेळी करून दिलंय, पुढच्या अपडेटचं आत्ता सांगता येत नाही.’

स्वतःचा मोडेम घ्यावा का, असं विचाराल तर माझ्या मते घ्यावा, पण कंपनी सध्या जो मॉडेल भाड्याने देते तोच. त्याचं फर्मवेअर त्यांच्याकडे तपासून तयार असतं, द्यायचं की नाही एवढाच प्रश्न उरतो. कंपनीच्या भाड्याच्या यादीबाहेरचा मॉडेल कितीही स्वस्त मिळाला तरी नको. मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असलेलं घेऊ नका. राउटर वेगळा असला तर त्याचं अपडेट तरी तुम्ही स्वतः करू शकता. लावल्या दिवशी सॉफ्टवेअर व्हर्जनच्या ओळीचा फोटो काढून ठेवा. आणि पैसे देण्याआधी कंपनीला मेलवर विचारा की ग्राहकाच्या मोडेमचं फर्मवेअर तुम्ही अपडेट करता का.

मी हाच प्रश्न आता पुढच्या अपडेटसाठी त्यांच्याकडे परत पाठवला आहे, तक्रार क्रमांकासह. फोनवर ‘यादीतल्या मॉडेलला देऊ’ असं म्हणाले आहेत. तेच वाक्य मेलवर मागितलं आहे. ते आलं नाही तर पुन्हा अपील करणार आहे.