जालन्यातील स्तोत्रसंहिता अभ्यासवर्ग : एक अभिप्राय

जालन्यातील एका ख्रिस्ती मंडळीने उपवासकाळात चालवलेला, बायबलमधील स्तोत्रसंहितेवरचा हा विनामूल्य अभ्यासवर्ग मला मनापासून आवडला, कारण पाळकसाहेबांनी स्तोत्रांतील दावीद राजाच्या ओळींना घाईने ख्रिस्ताचे नाव न जोडता आधी त्यांतील वेदना ऐकू दिली. स्तोत्र २२ चे विवेचन तर फारच मोलाचे होते: ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हा वधस्तंभावरील येशूचा आक्रोश तेथील आहे, चिठ्ठ्या टाकून वस्त्रे वाटून घेणेही तेथेच आहे, आणि तेच स्तोत्र पुढे सर्व राष्ट्रांच्या उपासनेपर्यंत पोहोचते. पावसाने पाठ फिरवलेली वर्षे पाहिलेले आमचे वडीलधारे शेतकरी ते विशेष एकाग्रतेने ऐकत होते. नव्या करारात वारंवार उद्धृत होणारे स्तोत्र ११० मात्र थोडक्यात उरकले गेले. त्यात उल्लेखलेल्या मलकीसदेकाच्या, म्हणजे अब्राहामाच्या काळातील याजक-राजाच्या, याजकपणासाठी स्वतंत्र बैठक हवीच.