मांजरांसह नॅरोबोटीवरची सुट्टी: वरची थेम्स की ऑक्सफर्ड कालवा?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांच्या घरी मांजरे आहेत, त्यांच्यापुढे नॅरोबोटीवरची, म्हणजे अरुंद कालव्यांसाठी बांधलेल्या लांबट राहत्या नावेवरची, सुट्टी ठरवताना दोन प्रश्न असतात. मांजरे सोबत न्यायची की नाही हा पहिला, आणि न्यायचीच असे ठरले तर नदीवर जायचे की कालव्यावर हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या मांजराकडे बघून द्यावे. हा आढावा दुसऱ्या प्रश्नापुरता आहे. भारतातून केवळ सुट्टीपुरते मांजर आणण्याचा विचार कोणी करत असेल, तर तो येथेच सोडून द्यावा. मायक्रोचिप, रेबीजची लस, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी आणि त्यापुढे तीन महिन्यांची प्रतीक्षा एवढे सोपस्कार झाल्याशिवाय भारतातले मांजर ब्रिटनमध्ये येऊ शकत नाही.

तुलनेसाठी ऑक्सफर्ड हे शहर सोयीचे आहे, कारण दोन्ही वाटा तेथूनच फुटतात. प्रवाहाच्या उलट दिशेने पश्चिमेकडे निघाले की थेम्स नदी लेचलेडपर्यंत नेते. यांत्रिक नावांसाठी नदी जवळजवळ तेथेच संपते. उत्तरेकडे ऑक्सफर्ड कालवा बॅनबरीकडे आणि पुढे कॉव्हेंट्रीजवळच्या हॉक्सबरीपर्यंत जातो. हा कालवा १७९० मध्ये ऑक्सफर्डला पोहोचला. त्याची आखणी जेम्स ब्रिंडलीची असल्यामुळे तो डोंगर न फोडता जमिनीच्या समपातळीवरून वळसे घेत जातो. नॅरोबोटीची रुंदी ६ फूट १० इंच असते, कारण अशा कालव्यांवरची लॉक, म्हणजे नावेची पातळी बदलणाऱ्या पाण्याच्या पेट्या, जेमतेम सात फूट रुंद आहेत. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाऊ शकते. थोडक्यात, आपल्या चाळीतली एखादी लांबट खोली पाण्यावर सोडावी, तसे हे घर असते.

अंतराच्या हिशेबात दोन्ही वाटा जवळपास सारख्याच आहेत. नावाडी मंडळी मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तीनने भागतात आणि तेवढे तास धरतात. ऑक्सफर्ड ते लेचलेड सुमारे तीस मैल आणि अकरा लॉक, म्हणजे चौदाएक तास. प्रवाहाविरुद्ध जाताना थोडे अधिक. ऑक्सफर्ड ते बॅनबरी सुमारे सत्तावीस मैल आणि दीड डझनाच्या आसपास लॉक, म्हणजे पंधरा तास. आठवडाभराच्या सुट्टीत यांपैकी कोणतीही वाट जाऊन-येऊन आरामात होते. त्यामुळे निर्णय तासांवरून करण्यात अर्थ नाही. तो मांजराच्या स्वभावावरून करावा लागतो.

या बाबतीत सर्वत्र मिळणारा सल्ला असा की कालवा उथळ आणि संथ, म्हणून भित्र्या मांजराला कालव्यावर न्यावे आणि धीट मांजराला नदीवर. आमच्या घरी दोन्ही स्वभावांचे नमुने आहेत. मनी दाराची घंटा वाजली तरी पलंगाखाली जाते, तर रावसाहेब नावाचा बोका शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातही आपल्या हक्काने बसतो. दोन वेगवेगळ्या उन्हाळ्यांत दोन्ही वाटा केल्यानंतर आमचे मत या सल्ल्याच्या नेमके उलट झाले आहे, आणि त्याची कारणे सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

भित्र्या मांजराला नदी का मानवते

भित्र्या मांजराच्या दृष्टीने पाण्याची खोली किती हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते बाहेर येतच नाही. त्याला त्रास होतो तो आवाजाचा, धक्क्यांचा आणि खिडकीबाहेरच्या अनोळखी पायांचा. कालव्याच्या कडेने टोपाथ असतो, म्हणजे पूर्वी नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली पायवाट. आता त्या वाटेवरून सकाळपासून धावणारे, सायकलवाले आणि मुख्यतः कुत्री फिरवणारे लोक जात असतात. नाव कडेला बांधली की मांजराचा चेहरा आणि एखाद्या लॅब्रॅडॉरचे नाक यांच्यात एक काच आणि हातभर अंतर उरते. थ्रप या कालव्याकाठच्या टुमदार गावात आम्ही मोठ्या हौसेने मुक्काम केला, आणि मनीने ती संध्याकाळ आणि पुढची सकाळ कपड्यांच्या कपाटात काढली.

लॉकची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची पेटी. नाव आत घ्यायची, दार लावायचे आणि पाणी भरून किंवा सोडून नावेची पातळी बदलायची. कालव्यावरच्या लॉकमध्ये नावेच्या दोन्ही बाजूंना वीतभरही जागा नसते. इंजिन चालू असते, पाणी जोरात आत येते, नाव पुढेमागे ढकलली जाते आणि भिंती खिडक्यांना खेटून वर जातात. सॉमर्टनचे लॉक सुमारे बारा फूट खोल आहे. त्याच्या तळाशी भर दुपारीही आत अंधारल्यासारखे होते. शिवाय विंडलस ही लोखंडी किल्ली घेऊन कोणाला तरी प्रत्येक वेळी खाली उतरावेच लागते, आणि दार जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा मांजर निसटण्याची शक्यता वाढते. या वाटेवर सरासरी दीड मैलाला एक लॉक येते, आणि त्यांच्या जोडीला हाताने उचलायचे लाकडी पूल आहेत.

थेम्सवर हाच हिशेब अडीच-पावणेतीन मैलांना एक लॉक असा पडतो. लॉक प्रशस्त असतात, नाव दोरांनी धरून ठेवायची असते, आणि लॉकमध्ये इंजिन बंद करणे हा तेथला नियमच आहे. हा नियम मांजरांसाठी केलेला नाही, पण त्याचा सर्वाधिक लाभ त्यांनाच होतो. उन्हाळ्यात दिवसाच्या बऱ्याच वेळी लॉककीपर हजर असतो. ऑक्सफर्डच्या वरची बहुतेक लॉक हाताने चालवायची असली, तरी पाणी सोडण्याची चाके तेथेच बसवलेली असतात, आणि लॉककीपर असला की आपल्याला नाव सोडून धावपळ करावी लागत नाही. शिवाय ऑक्सफर्डमधल्या ऑस्नी पुलाची उंची पाण्यापासून अवघी साडेसात फूट आहे. खालच्या थेम्सवर मिरवणाऱ्या उंच क्रूझर त्याखालून येऊ शकत नाहीत, त्यामुळे वरची नदी आपोआप शांत राहिली आहे. पोर्ट मेडोची चरणारी गुरे मागे पडली की न्यूब्रिजपर्यंत आणि तेथून रॅडकॉटच्या जुन्या दगडी पुलापर्यंत कुरणे, विलोची झाडे आणि वळणे यांखेरीज फारसे काही लागत नाही. मनी तिसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन बसली आणि तासभर बदके बघत राहिली. विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कलाकाराने १८७१ मध्ये ज्या केल्म्स्कॉटमध्ये घर भाड्याने घेतले, त्या गावाजवळचा मुक्काम आम्हाला त्या घरापेक्षा या कारणाने अधिक लक्षात राहिला आहे.

नदीचे दोष लपवण्याचे कारण नाही. काठाची जमीन बहुतेक खासगी असल्यामुळे वाटेल तेथे नाव बांधता येत नाही. ठरलेल्या जागा, मधुशालांचे काठ किंवा शेतकऱ्याने पैसे घेऊन दिलेली कुरणाची कड यांवर भागवावे लागते, आणि दुपारी चारनंतर जागा शोधू लागल्यास पंचाईत होते. मोठा पाऊस झाला की प्रवाह वाढतो, लॉकवर पिवळे आणि मग लाल फलक लागतात, आणि लाल फलकाखाली भाड्याची नाव हलवता येत नाही. नदीवर नांगर सोबत हवाच. कालव्यालाही पाण्याची अडचण आहे, पण ती उलट दिशेची आहे. कोरड्या उन्हाळ्यात बॅनबरीच्या पलीकडल्या माथ्यावरचे जलसाठे उतरले की लॉकच्या वेळा कमी होतात किंवा ती बंदही ठेवली जातात.

धीट मांजराला कालवाच

रावसाहेबांसारखे मांजर बाहेर जाणारच हे गृहीत धरावे लागते, आणि एकदा हे गृहीत धरले की नदीचे सगळे गुण निरुपयोगी ठरतात. थेम्स रुंद आहे, तिला ओढ आहे, आणि अठरा-वीस टनांची नाव प्रवाहात थांबवून वळवेपर्यंत पडलेले मांजर बरेच खाली गेलेले असते. कालव्याचे पाणी मधोमधही साधारण तीन-चार फूट असते. नाव ताशी चार मैलांच्या मर्यादेत आणि बहुधा त्याहूनही हळू चालते. आणि माणूस सरळ पाण्यात उतरून मांजर उचलू शकतो, ओले होण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. मांजराला पोहता येते. अडचण असते ती वर चढण्याची, कारण कालव्याचे काठ अनेक ठिकाणी लोखंडी पत्र्यांनी बांधलेले असतात आणि त्यांत नखे रुतत नाहीत. म्हणून कायम नावेवर राहणारे लोक नावेच्या बाजूने जुन्या गालिच्याचा तुकडा पाण्यापर्यंत लोंबकळत सोडतात. ही युक्ती भाड्याच्या नावेवरही करता येते, फक्त नाव निघण्यापूर्वी तो वर ओढून घ्यावा, नाहीतर तो पंख्यात अडकतो. जोडीला लांब दांड्याची मासेमारीची जाळी असावी.

कालव्याचा दुसरा गुण असा की टोपाथच्या बाजूला, फलकाने मनाई केलेली नसेल तेथे, नाव बांधता येते. मांजर संध्याकाळी परतले नाही तर दुसऱ्या दिवशीचा बेत रद्द करून तेथेच थांबता येते, आणि असे होतेच. मांजर परतल्याशिवाय नाव हलत नाही हा नियम ज्याला जाचक वाटतो, त्याने धीट मांजर घेऊन निघूच नये. आम्ही लोअर हेफर्डला एक पूर्ण दिवस असा काढला. स्टेशन कालव्याला लागून असल्यामुळे निदान जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघता आल्या. मांजराला दिवसाचे मुख्य जेवण मुक्कामाला लागल्यावरच द्यावे, म्हणजे परतण्यासाठी त्याला काही कारण उरते, आणि नाव परत करण्याच्या आदल्या रात्री त्याला मुळीच बाहेर सोडू नये, कारण नाव बहुधा सकाळी नऊच्या सुमारास ताब्यात द्यावी लागते.

छायाचित्रांत नावेच्या टपावर ऐटीत बसलेली मांजरे दिसतात, ती बांधलेल्या नावेवरची समजावीत. चालत्या नावेच्या टपावर मांजर बसू देणे दोन्ही वाटांवर वाईट. कालव्यावर पूल ठेंगणे आहेत आणि उचललेल्या लाकडी पुलाचे फळकूट तिरके येते, तर वरच्या थेम्सच्या वळणांवर विलोच्या फांद्या टपावरून फिरतात आणि झाडूने काढावे तसे सगळे पाण्यात ढकलतात.

आणखी एक पर्याय काही जण सुचवतात, तो म्हणजे केनेट आणि एव्हन कालव्याचा ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथ हा भाग. तेथे नऊ मैल सलग एकही लॉक नाही आणि डंडसचा जलसेतू पाहण्यासारखा आहे. पण काठाला कायमच्या राहत्या नावांची रांग असते, त्यांतल्या अनेकांवर स्वतःची मांजरे असतात, आणि त्यांना पाहुण्यांचे कौतुक नसते. आम्ही ती वाट मांजरांशिवाय केली आणि त्याचा खेद नाही.

नाव निवडताना

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच पाहाव्या लागतात. भाड्याने नावा देणारे बरेच जण पाळीव प्राण्यांना परवानगी देतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढे कुत्रा असतो. म्हणून ‘मांजर’ हा शब्द उच्चारून लेखी होकार घ्यावा. नावेचा आराखडा मागवून पाहावा. इंजिन मागे असते, आणि नेहमीच्या रचनेत निजण्याची खोलीही मागेच असते. भित्र्या मांजरासाठी उलटी रचना, म्हणजे स्वयंपाकघर मागे आणि निजण्याची खोली पुढच्या टोकाला, कितीतरी बरी. त्या खोलीला पडदा नको, खरे दार हवे. लॉक आले की मांजरे आत आणि दार बंद, ही शिस्त पहिल्या लॉकपासून लावावी. मांजराच्या शौचपेटीसाठी न्हाणीची चौकट ही सर्वांत सोयीची जागा आहे. तिच्यातला भुसा नावेच्या संडासात कधीही टाकू नये. तो पिशवीत बांधून कचऱ्याची सोय असलेल्या ठिकाणापर्यंत सांभाळावा लागतो, म्हणून जड मातीऐवजी लाकडी गोळ्या न्याव्यात. १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये वीस आठवड्यांवरच्या पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची आहे. निघण्यापूर्वी तिच्या नोंदीत सध्याचा भ्रमणध्वनी क्रमांक आहे ना, हे तपासावे. पट्टा आणि हार्नेस यांची सवय घरीच महिनाभर आधी करावी. नावेवर पहिल्यांदा हार्नेस घालणाऱ्याच्या मनगटावर त्याची नोंद राहते.

दोन स्वभावांची दोन मांजरे असतील, किंवा आपले मांजर कोणत्या वर्गातले हे नक्की सांगता येत नसेल, तर ऑक्सफर्डमध्ये एक छोटी फेरी उपलब्ध आहे. कालव्याने उत्तरेकडे वुल्व्हरकोट ओलांडून ड्यूक्स कट या जोडफाट्यातून थेम्समध्ये यायचे, किंग्ज आणि गॉडस्टो ही दोन लॉक प्रवाहाबरोबर उतरायची, पोर्ट मेडोच्या कडेने शहरात यायचे आणि शीपवॉश चॅनेलमधून आयसिस लॉकने पुन्हा कालव्यात शिरायचे. ही फेरी काही तासांत होते. भाड्याच्या नावेला थेम्सवर जाण्याची मुभा आणि नदीचा अल्पमुदतीचा परवाना आहे का, एवढे मात्र आधी विचारावे लागते. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ही फेरी करावी आणि कालव्याच्या लॉकमध्ये व नदीच्या लॉकमध्ये मांजर कोठे बसले होते ते पाहावे. ड्यूक्स कटच्या तोंडाशी पुन्हा आल्यावर नाव कोणत्या बाजूला वळवायची, हे त्यावरून ठरवता येते.