कॉम्लेक्स लेव्हल १ साठी घेतलेली प्रश्नपेढी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सप्टेंबरात घेतलेली ही प्रश्नपेढी, म्हणजे सरावप्रश्न आणि त्यांची स्पष्टीकरणे यांचा सदस्यत्व घेऊन वापरायचा संच, मी शेवटची उघडली ती जूनमध्ये, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. मधल्या नऊ महिन्यांत तिच्यातील जवळजवळ सर्व प्रश्न एकदा आणि चुकलेले प्रश्न दोनदा सोडवून झाले होते. पेढीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि एकाच विद्यार्थिनीच्या अनुभवावरून कोणावर शिक्का मारणे मला रास्त वाटत नाही.

अमेरिकेत डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पदवीच्या विद्यार्थ्यांना परवान्यासाठी एनबीओएमई या मंडळाची कॉम्लेक्स परीक्षा तीन टप्प्यांत द्यावी लागते; लेव्हल १ हा पहिला टप्पा. पुण्याच्या माझ्या मावशीच्या मते मी हाडवैद्य होण्यासाठी सातासमुद्रापार राहिले आहे, आणि तिचा समज अगदीच निराधार नाही, कारण इंग्लंडमधील ऑस्टिओपॅथ प्रामुख्याने हातांनीच उपचार करतात. अमेरिकेतील डीओ मात्र औषध आणि शस्त्रक्रियेसह पूर्ण परवाना मिळवणारा डॉक्टर असतो. २०२० पासून एमडी (तेथील दुसरी, अधिक प्रचलित वैद्यकीय पदवी) आणि डीओ यांच्या निवासी प्रशिक्षणाची (रेसिडेन्सीची) मान्यताव्यवस्था एकच झाल्यामुळे आमच्यापैकी पुष्कळजण एमडी विद्यार्थ्यांची यूएसएमएलई परीक्षाही देतात. मीही दोन्ही दिल्या, आणि या पेढीचे मूल्यमापन त्याच पार्श्वभूमीवर वाचावे.

रोगशास्त्र, औषधशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र हा पाया मी यूवर्ल्ड या दुसऱ्या प्रश्नपेढीवर घातला आणि रोजची उजळणी अँकी या अॅपच्या प्रश्नोत्तर-कार्डांवर केली. डीओंसाठीच्या पेढीकडून माझी अपेक्षा वेगळी होती : कॉम्लेक्सची भाषा कानात बसावी. ही अपेक्षा तिने पूर्ण केली. यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे स्टेप १ मध्ये, एका प्रश्नाला साधारण ९० सेकंद मिळतात. कॉम्लेक्स लेव्हल १ मध्ये ३५२ प्रश्न आठ तासांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नामागे सुमारे ८२ सेकंद. आठ सेकंदांनी काय होते, असे मला सुरुवातीला वाटे. परंतु ४४ प्रश्नांचा एक विभाग घड्याळ लावून सोडवला, तेव्हा शेवटचे पाच प्रश्न वाचायचे राहून गेले. शिवाय पूर्ण केलेल्या विभागात परत जाता येत नाही, त्यामुळे शंकास्पद प्रश्न खूण करून पुढे ढकलण्याची सवय त्याच विभागापुरती मर्यादित ठेवावी लागते. प्रश्नही आखूड आणि काहीसे मोघम असतात. जी माहिती मिळेल असे गृहीत धरलेले असते, नेमकी तीच दिलेली नसते, आणि तरीही उत्तर निवडून पुढे जावे लागते. ही अस्वस्थता सहन करण्याचा सराव मला येथेच झाला.

परीक्षेच्या आराखड्यानुसार किमान दहा टक्के भाग ऑस्टिओपॅथीची तत्त्वे आणि हस्तोपचार यांचा असतो, म्हणजे ३५ हून अधिक प्रश्न. ते स्वतंत्रपणे येतातच, पण अनेकदा एखाद्या साध्या पोटदुखीच्या प्रश्नात उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकाशी लहान, घट्ट, दुखरी गाठ असल्याचा उल्लेख असतो, आणि चॅपमन बिंदू (ऑस्टिओपॅथीत विशिष्ट अवयवांशी जोडलेल्या अशा दुखऱ्या गाठी) ठाऊक असणाऱ्याला त्यातून अपेंडिक्सचा सुगावा लागतो. पेढीने असे धागे ओळखायला उत्तम शिकवले.

त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या) बाबतीत मात्र तिने माझी निराशा केली. एल५ हा कमरेचा शेवटचा मणका ज्या बाजूला कलतो त्याच बाजूचा तिरपा अक्ष (त्रिकास्थी जिच्याभोवती फिरते ती काल्पनिक रेषा) धरायचा, एल५ च्या फिरण्याच्या उलट दिशेला त्रिकास्थी फिरलेली मानायची, आणि बसून पुढे वाकण्याची चाचणी अक्षाच्या विरुद्ध बाजूला सकारात्मक येते हे लक्षात ठेवायचे, एवढे तीन नियम स्पष्टीकरणात दर वेळी पाठ म्हटल्यासारखे येत. ते का, हे कोठेच नव्हते. मी हे नियम चार वेळा पाठ केले आणि चार वेळा विसरले. अखेर खोलीतील मैत्रिणीला स्टुलावर बसवून, दोन्ही अंगठे तिच्या कमरेच्या खळ्यांखाली ठेवून ती वाकत असताना कोणता अंगठा आधी वर सरकतो हे दहा-बारा वेळा पाहिले, तेव्हा विषय हाताला कळला. पडद्यावर ऑस्टिओपॅथी शिकता येते असे ज्यांना वाटते त्यांनी एक शनिवार-रविवार एवढा प्रयोग करून पाहावा.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. कोणत्या आंतरअवयवाचा चेतासंबंध मणक्यांच्या कोणत्या पातळ्यांशी आहे हे सांगणारी कोष्टके वेगवेगळ्या साधनांत थोडी वेगळी असतात. हृदयासाठी कोणी टी१ ते टी५ (छातीच्या भागातील पहिला ते पाचवा मणका) लिहितो, कोणी टी६ पर्यंत जातो. असा फरक समजण्यासारखा आहे, परंतु पेढीतच दोन प्रश्नांच्या स्पष्टीकरणांत दोन वेगळ्या पातळ्या आढळल्या. मी कळवले, आभाराचे उत्तर आले आणि मजकूर जूनपर्यंत तसाच राहिला. त्यानंतर मी वर्गातील एकच कोष्टक भिंतीवर लावले आणि पेढीचे आकडे त्यावर तपासूनच स्वीकारले.

पेढीतील बरोबर उत्तरांच्या टक्केवारीच्या आलेखाने मला जानेवारीत उगाच घाबरवले. साडेचार महिने मी ५५ टक्क्यांच्या आसपास घुटमळत होते. पण त्याच आठवड्यात दिलेल्या, मंडळाच्याच कॉमसे या सराव परीक्षेने चित्र बरेच आशादायक दाखवले. तेव्हापासून प्रगती मोजायला कॉमसे आणि शिकायला पेढी, अशी मी विभागणी केली. मोबाइलवरील आवृत्ती बसमध्ये उपयोगी पडली, एवढेच तिच्याविषयी सांगण्यासारखे आहे.

मी उत्तीर्ण झाले. मे २०२२ पासून लेव्हल १ चा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागत असल्याने पेढीमुळे किती गुण वाढले याचा हिशेब मला मांडता येणार नाही. एवढे मात्र निश्चित सांगते की नऊ महिन्यांचे सदस्यत्व घेण्याची गरज नव्हती. पहिले चार महिने मी पायाच कच्चा असताना त्यातील प्रश्न खर्ची घातले, आणि मे महिन्यात जेव्हा नवे, न पाहिलेले प्रश्न खऱ्या अर्थाने हवे होते, तेव्हा उत्तरे आठवणीतूनच येऊ लागली होती. लेव्हल २ साठी हीच पेढी पुन्हा घेतली आहे, फक्त या वेळी शेवटच्या तीन महिन्यांपुरती.