‘समोरच्यांची तक्रार आलीय’ असं सांगून विकलेली चिमणी

गेल्या आषाढात स्वयंपाकघरातली, धूर आणि वास ओढणारी चिमणी विकून आमचे 21,000 रुपये एका माणसाने नेले. पैसे गेले ते गेले, पण त्याने ते ज्या पद्धतीने काढून घेतले ती पद्धत इतरांना कळावी म्हणून हे लिहिते आहे. तो अजून बडोद्यातच हिंडत असावा. मांजलपूरच्या एका सोसायटीत असंच हवा तपासायचं मीटर घेऊन कोणीतरी आल्याचं परवाच कानावर आलं.

आम्ही सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. रावजी आप्पाजी गायकवाडांचे दिवाण होते तेव्हापासून प्रभू घराणी बडोद्यात आहेत, त्यातलंच आमचं एक. सासरचं जुनं घर दांडिया बाजारात. तिथलं स्वयंपाकघर मागच्या चौकाला लागून, भिंतीला वर जाळी. सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी) परतले की वास चौकातून वर निघून जायचा. तीन वर्षांपूर्वी ते घर सोडून आम्ही वासणा रोडला चौथ्या मजल्यावर आलो. इथे स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये दार नाही. स्वयंपाकघराला लागून वॉश एरिया, तिथे चोकडी (भांडी-कपडे धुवायची मोरी) आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. पावसाळ्यात कपडे सगळे आतच, म्हणून ते दार मी बंद ठेवायची. वास जाणार कुठून?

मजल्यावर चार फ्लॅट. बाकी तिन्ही घरं गुजराती, शाकाहारी. कोणी कधी एक शब्द बोललं नव्हतं. तरी सोडे भिजत घातले की मी आधी मुख्य दाराच्या फटीला पायपुसणं लावायची आणि अगरबत्ती पेटवायची. सासूबाई म्हणायच्या, “आपण काय चोरी करतोय का गं?” त्यांचं बरोबर होतं, पण लिफ्टमध्ये कोणी नाकाला रुमाल लावला तरी मला वाटायचं आपल्यामुळेच. तो रुमाल सर्दीचाही असेल, हे तेव्हा सुचत नसे.

त्या रविवारी सोसायटीच्या खाली टेबल मांडून ‘घरातली हवा मोफत तपासा’ असा फलक लावला होता. अकराच्या सुमारास तिशीतला एक मुलगा आमच्या दारात आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि चक्क मराठीत बोलायला लागला. “काकू, दारावरचं नाव वाचलं, म्हटलं आपली माणसं.” पणजोबा सयाजीराव महाराजांच्या वेळी साताऱ्याहून चाकरीला आले, असं त्याने सांगितलं. खरं-खोटं देव जाणे. पण बडोद्यात अनोळखी माणूस दारात उभा राहून शुद्ध मराठी बोलला की आपण अर्धं दार जास्त उघडतो. मी तर पाणीही दिलं.

आत येताना त्याने खिशातून सॅनिटायझर काढून हात चोळले. मला ते फार सभ्यपणाचं वाटलं. मग हातात मावेल एवढं मीटर काढून ओट्यावर ठेवलं. सकाळीच सोडे भाजले होते. आकडा भराभर चढून लाल झाला. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “काकू, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याच मजल्यावरून तक्रार आलीय. नाव सांगत नाही. चेअरमनकडे लेखी जायच्या आधी आपल्या माणसाला सांगावं, एवढंच.”

इथेच मी गेले. त्यानंतर त्याने काय काय सांगितलं ते मला नीट आठवतही नाही. कान तापले होते. हे कमाटीबागेत फिरायला गेले होते, त्यांना फोन करायचंही सुचलं नाही. ‘बाहेर पाइप न लागणारी’ चिमणी 14,500 ला, आणि ‘वास मारणारी हवेची पेटी’ 6,500 ला. म्हणे सोसायटीचा खास भाव, आजपुरता. मी तिथल्या तिथे मोबाइलवरून 5,000 भरले. नाव दिसलं ते त्याच्या कंपनीचं नव्हतं, कुण्या बाईचं होतं. तो म्हणाला, “अकाउंटंट आहेत आमच्या.”

दुसऱ्या दिवशी तो आणि आणखी एकजण येऊन चिमणी बसवून गेले. जाताना त्याने वर्तमानपत्राचा कागद चिमणीखाली धरला, तो जाळीला जाऊन चिकटला. “बघा काकू, किती ओढ!” मीटर पुन्हा ठेवलं, आता आकडा हिरवा. उरलेले 16,000 रोख दिले. शिक्का मारलेलं बिल आणि दोन वर्षांच्या मोफत सर्व्हिसिंगचं कार्ड हातात आलं. काही अडचण आली तर आठ दिवसांत फोन करा, म्हणाला.

आठ दिवसांत अडचण येणारच नव्हती, कारण पुढे लागला श्रावण. आमच्याकडे महिनाभर सोडे-बोंबील बंद. वरण-भाताला आणि अळूच्या फदफद्याला कसला वास येणार? त्याला हे पंचांग माहीत होतं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण मराठी घरांत चिमणी विकायला त्याने आषाढाचा शेवट निवडला होता खरा.

पेटी मात्र श्रावणभर चालू होती. तिला एक तिखट, वीज कडाडून गेल्यावर येतो तसा वास यायचा. मला वाटलं, हाच स्वच्छतेचा वास. पंधरा दिवसांनी सासूबाईंचा खोकला सुरू झाला. त्यांना दमा आहे, वय 78. पावसाळी खोकला समजून आम्ही काढे देत राहिलो. रात्री त्या उठून बसायला लागल्या तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, “घरात नवीन काय आणलंय?” पेटीचं ऐकल्यावर म्हणाले, आज घरी गेल्यावर पहिलं काम, ती बंद करा. ती ओझोन सोडत होती. ओझोन फुप्फुसांना झोंबतो, दमेकऱ्याला तर फारच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही स्पष्ट म्हटलं आहे की माणसाला अपाय होणार नाही इतक्या प्रमाणातला ओझोन वास घालवायला फारसा उपयोगी पडत नाही. म्हणजे वास मारण्याइतका सोडायचा तर घरातल्यांनाच बाधणार. पेटी बंद केल्यावर आठवड्यात खोकला उतरला. पैशांचं मी विसरेन, पण त्या पंधरा रात्री विसरणार नाही. पेटीचं बटण मी स्वतःच्या हाताने रोज दाबत होते.

गणपती झाल्यावर सोड्याची खिचडी केली. चिमणी पूर्ण वेगावर. तरी वास होता तसा, उलट हॉलमध्ये जास्त. माझा भाचा इंजिनियर आहे, तो जेवायला होता. त्याने स्टूल घेतलं आणि म्हणाला, “मामी, इथे हात धर.” चिमणीच्या वरच्या फटींतून गरम, ओशट हवा सरळ तोंडावर येत होती. खालून ओढायची आणि वरून घरातच सोडायची. वरच्या कपाटांना हात लावला तर चिकट थर. कागद चिकटला तेव्हा हवा आत ओढली जातेय एवढंच दिसलं होतं, पुढे ती जाते कुठे हे मी विचारलंच नव्हतं.

पाइप नसलेल्या चिमण्या सगळ्याच खोट्या असतात असं नाही. त्यांत कोळशाची जाळी असते. कोळसा वास स्वतःला चिकटवून धरतो, भरला की त्याचं काम संपतं, आणि मग काही महिन्यांनी जाळी बदलावीच लागते. ती धुऊन पुन्हा ताजी होत नाही. हा विकणारा मात्र ‘दर महिन्याला धुवा’ म्हणाला होता. मी धुतली तर काळं पाणी गेलं आणि हातात राहिला साधा फोम. ‘ऑटो क्लीन’चं बटण दाबलं की आत हीटर तापून तेल पातळ व्हायला हवं आणि खालच्या वाटीत उतरायला हवं. आमच्या चिमणीत नुसता दिवा लागायचा.

मीटरचंही कळलं. भाच्याने तसलंच एक स्वस्त मीटर मागवलं आणि हाताला सॅनिटायझर लावून जवळ नेला. आकडा सरसर चढून लाल. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं आणि ही मीटरं त्याच्या वाफेला लगेच भुलतात. अगरबत्तीजवळ नेलं तरी तेच. खिडकी उघडून दोन मिनिटं थांबलं की हिरवं. तो माणूस दुसऱ्या दिवशी हात चोळत नव्हता, आणि आल्या आल्या त्याने वॉश एरियाचं दार उघडलं होतं. हे मला तेव्हा दिसलं होतं, फक्त अर्थ लागला नव्हता.

मग बिल काढलं. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि गुजरातचा 24 ने सुरू होतो. आमच्या बिलावर 24 होते, पण पुढची मिळून एकूण अक्षरं 12. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की दुकानदाराचं नोंदलेलं नाव दिसतं, त्याला एक मिनिट लागतं. पैसे देण्याआधी ते एक मिनिट काढलं असतं तर! पत्त्यावर गेलो, तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. त्यांना काही माहीत नाही. फोन बंद.

समोरच्या बेनकडे जायला मला तीन दिवस लागले. त्यांनीच तक्रार केली असणार, हे मनात पक्कं बसलं होतं. शेवटी माफी मागायलाच गेले. म्हटलं, आमच्या मच्छीचा तुम्हाला त्रास होतो, पण मी आता खरीखुरी सोय करतेय. त्या बघतच राहिल्या. मग मला हात धरून रसोड्यात नेलं. तिथे तीच चिमणी, कपाटावर तीच पेटी. त्यांच्याकडे तो अस्खलित गुजरातीत बोलला होता. त्यांना सांगितलं होतं की लसूण-मिरचीच्या वघारामुळे (फोडणीमुळे) समोरच्या म्हाताऱ्या बाईंचा दमा वाढतो आणि आम्ही तक्रार केलीय. सासूबाईंचा दमा त्याला कुठून कळला? माझ्याच तोंडून. पाणी पिताना त्याने विचारलं होतं, घरात कोणाला श्वासाचा त्रास आहे का, आणि मी आजाराचं सगळं सांगून बसले होते.

दोघी त्या ओट्यापाशी उभ्या राहून रडलो. तीन महिने आम्ही लिफ्टमध्ये एकमेकींशी नीट बोललो नव्हतो. मग दोघींनी मिळून सोसायटीतली दारं वाजवली. सात घरं निघाली. प्रत्येकाला कोणीतरी शेजारी ‘तक्रार करणारा’ म्हणून दिला होता, आणि प्रत्येकजण लाजेने गप्प होता.

ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, पण समोरचा व्यापारी कोण, कुठला, हे आम्हालाच सांगता येत नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आपण राहतो त्याच शहरात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते. पण नोटीस बजावायची कोणाला? म्हणून सातही जणांनी पोलिसांत एकत्र लेखी अर्ज दिला आहे. मोबाइलवरून पैसे ज्या खात्यात गेले तो एकच धागा हाताशी आहे. रोख दिलेल्या 16,000 चा तर तोही नाही. अजून काही परत मिळालेलं नाही.

वासाचं म्हणाल तर 2,000 च्या आतला लोखंडी एक्झॉस्ट वॉश एरियाच्या बाहेरच्या भिंतीत बसवून घेतला, तोंड रस्त्याकडे. भाच्याने सांगितलं तसं फोडणीच्या पाच मिनिटं आधी लावते, नंतर पंधरा मिनिटं चालू ठेवते, आणि हॉलची खिडकी उघडी ठेवते. बाहेरून हवा यायला वाट नसेल तर पंखा नुसता गरगरतो. कपडे तेवढा वेळ आतल्या खोलीत. वास तेलाच्या बारीक कणांवर बसून पडद्यांत जातो, म्हणून हॉलचे जाड पडदे काढून सुती लावले. मासळीचा वास आंबटाने जातो हे आजेसासूबाईंनाही ठाऊक होतं. ओटा, विळी आणि तवा लगेच चिंचेच्या कोळाने नाहीतर लिंबाच्या सालाने घासते. सोडे कोरडे भाजणं बंद केलं, कोमट पाण्यात भिजवून कांद्याबरोबर परतते. चवीत थोडा फरक पडतो, तो मला चालतो. पुढे चिमणी घेतलीच तर दुकानातून, पक्क्या बिलावर, आणि सहा इंची पाइप बाहेरपर्यंत नेणारीच.

जुनी चिमणी आणि पेटी माळ्यावर आहेत. पोलिसांनी मागितल्या तर लागतील म्हणून विकल्या नाहीत. बडोद्यात कोणाकडे असं 12 अक्षरांचं बिल असेल तर फाडून टाकू नका. त्याचा फोटो, पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक आणि त्याने कोणत्या शेजाऱ्याचं नाव घेतलं किंवा सुचवलं ते तारखेसह लिहून ठेवा, आणि आधी त्या शेजाऱ्याचं दार वाजवा. आमच्या अर्जाला तुमचा अर्ज जोडता येईल.