धरमपेठेतील हॅस्केलचा वर्ग : शिकवणे नेमके, सराव अपुरा

नागपुरात धरमपेठेतील हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेच्या या छोट्या वर्गात टाइप क्लासचा (वेगवेगळ्या टाइपना, म्हणजे डेटाच्या प्रकारांना, लागू होणाऱ्या समान क्रियांच्या संचाचा) भाग ज्या निगुतीने शिकवला जातो, त्यासाठी तरी तेथे जरूर जावे. १९८९ मध्ये वॅडलर व ब्लॉट या संगणकशास्त्रज्ञांनी मांडलेल्या या कल्पनेची ओळख सर थोडक्यात आटोपतात आणि लगेच स्ट्रिंगसाठी (मजकुरासाठी) स्वतःचा इन्स्टन्स, म्हणजे त्या टाइपपुरती क्लासमधील क्रियांची व्याख्या, लिहायला लावतात. हॅस्केल ९८ या भाषेच्या जुन्या प्रमाण आवृत्तीच्या नियमांत तो नाकारला जातो, कारण स्ट्रिंग हा स्वतंत्र टाइप नसून कॅरेक्टरच्या (एकेका अक्षरचिन्हाच्या) यादीचे केवळ दुसरे नाव आहे. त्रुटीचा संदेश ओळीओळीने वाचून घेतल्यावरच मूल्य मजकुराच्या रूपात दाखवणाऱ्या ‘शो’ क्लासमधील यादीसाठीचे वेगळे फंक्शन दाखवले जाते, जे कॅरेक्टरच्या इन्स्टन्समध्ये नव्याने लिहिलेले असल्यामुळे स्ट्रिंग अवतरणचिन्हांत छापली जाते. हा उलगडा मला फार आवडला.

असा नाकारलेला इन्स्टन्स चालवून घेणाऱ्या ‘फ्लेक्सिबल इन्स्टन्सेस’ या विस्ताराची परवानगी मात्र घाईत उरकली जाते. सर्वसाधारण यादी आणि स्ट्रिंग या दोहोंसाठी इन्स्टन्स लिहिल्यास वापराच्या ठिकाणी दोन्ही लागू पडत असल्याने कंपायलर अडतो, आणि तेथे न्यूटाइप (जुन्या टाइपला गुंडाळून केलेला वेगळा टाइप) अधिक सुरक्षित ठरतो. यावर सराव हवाच होता. खोली लहान आहे, शुल्क वाजवी आहे.